खिडकीतली सफरचंदं

केळ्याची साल होती, एवढंच. सात नंबरच्या खाटेशेजारच्या कपाटावर, पाण्याच्या बाटलीला टेकून, स्टीलच्या ताटलीत. केळं खाऊन झाल्यावर कुणीतरी साल पुन्हा मिटवून ठेवली होती, आत अजून काहीतरी आहे असं वाटावं इतकी नीट. संपलेल्या वस्तूचीही घडी घालायची ही ताईची सवय. म्हणजे केळं ताईनंच खाल्लं होतं. आणि खिडकीत, पारदर्शक पिशवीत, मोठ्या बाईंनी पाच दिवसांपूर्वी आणलेली सफरचंदं सहाच्या सहा तशीच होती. बाईंनी ती मोजली, आणि मोजताना स्वतःला पकडलं. वय अठ्ठावन्न, मेडिसिन विभागाच्या प्रमुख, ज्यांच्या मागे राउंडला बारा डॉक्टर चालतात अशी बाई, आणि उभी राहून फळं मोजतेय. "केळं कुणी दिलं?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला होता तेवढा सहज निघाला नाही.

"छोटीनं," ताई म्हणाली. तिनं डोक्याला जुना सुती रुमाल बांधला होता आणि उशीला मान न टेकवता ती बसली होती. "सकाळीच आली होती. गुणाची आहे गं पोर. अर्धा तास बसली."

"अर्धा तास? वॉर्डात बत्तीस पेशंट आहेत."

"मग काय, हाकलून देऊ तिला?"

छोटी म्हणजे बाईंच्या हाताखालची डॉक्टर. एकतीस वर्षांची, सडपातळ, खिशात तीन पेनं आणि त्यातलं एकही न उमटणारं. नर्सेस एकीला मोठ्या बाई म्हणत आणि दुसरीला छोट्या बाई, सोयीसाठी. ताईनं त्यातलं ‘बाई’ काढून टाकलं आणि दाखल झाल्याच्या तिसऱ्या दिवसापासून तिची छोटी केली. घरात धाकटी कोण, हे पन्नास वर्षं ठरलेलं होतं. ताई बाईंना अजून ‘बारके’ म्हणते, फोनवरही, चारचौघांतही, एकदा तर भर परिषदेत. त्या वेळी बाई किती चिडल्या होत्या. आणि आता ही दुसरी, कुठून आली कोण जाणे, पाच दिवसांत छोटी होऊन बसली. नावं अशी फुकट वाटायची असतात का? हे बाईंच्या मनात आलं आणि त्यांनी ते लगेच बाजूला सारलं, कारण समोर सहा आठवड्यांचा ताप होता आणि तो त्यांना सापडत नव्हता.

सहा आठवडे. संध्याकाळ झाली की अंग तापायचं, सकाळी उतरायचं. नऊ किलो वजन गेलं. रक्तातल्या सुजेचा आकडा शंभराच्या वर. बाईंनी क्षय शोधला, नव्हता. हृदयाच्या झडपा पाहिल्या, स्वच्छ होत्या. पोटाचा, छातीचा स्कॅन झाला, हाडातला मगज काढून झाला, प्रत्येक वेळी रिपोर्टात कर्करोग नाही हे वाचून आधी जीव भांड्यात पडला आणि मग, पाठोपाठ, एक चमत्कारिक निराशा झाली. घरच्या माणसावर आपण उपचार करू नयेत, हा नियम विभागात त्यांनीच घालून दिला होता. तो मोडताना त्यांनी कागदावर डॉक्टर म्हणून छोटीचं नाव लिहिलं आणि बाकी सगळं आपल्या हातात ठेवलं. माहितीचा कागद स्वतः भरला. सदुसष्ट वर्षं, अविवाहित, व्यवसाय रफू. झोप: पहिल्यापासून हलकी. आहार: पहिल्यापासून कमी. डोकेदुखी: पहिल्यापासून. तीन पानं, सुवाच्य अक्षर, दहा मिनिटांत. नव्या डॉक्टरांना त्या पहिल्या दिवशी शिकवत, की प्रश्न विचारलात की गप्प बसा आणि मनात दहापर्यंत मोजा. माणूस पहिलं उत्तर शिष्टाचाराचं देतो, खरं उत्तर सात-आठच्या आसपास येतं. इस्पितळात याची थट्टाही व्हायची. उपाहारगृहात चहा मागितला आणि पोऱ्या बोलला नाही, की कुणीतरी म्हणे, दहा मोज. पण ताईचा कागद भरताना मोजायचं काय होतं? ताईला काय विचारायचं? ती काय खाते, कशी झोपते, कुठं दुखतं, हे बाईंना ताईपेक्षा जास्त ठाऊक होतं.

नर्सच्या टेबलाशी येऊन त्यांनी सात नंबरची फाइल उघडली, तर त्यांच्या तीन सुवाच्य पानांच्या खाली छोटीच्या न उमटणाऱ्या पेनानं, मधेच शाईचा रंग बदलत, चार ओळी लिहिल्या होत्या. चावताना डावा जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं, तीन आठवडे. डोक्याच्या डाव्या बाजूला फणी लावता येत नाही. आज पहाटे डावा डोळा दोन मिनिटं अंधारला. कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज? स्टेरॉइड आजच सुरू करावं असं वाटतं, मोठ्या बाईंशी बोलून. बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. वैद्यकाच्या पुस्तकातलं ते पान त्यांना दिसलं, उजवीकडचं, खाली आकृती असलेलं. रक्तवाहिनी सुजते, आतून बंद होत जाते, चघळणाऱ्या स्नायूंना रक्त पुरत नाही म्हणून जबडा थकतो, आणि तीच सूज डोळ्याच्या वाटेवर गेली तर डोळा जातो, गेला की परत येत नाही. सगळं बसत होतं. एखादी किल्ली कुलपात शिरताना जसा आवाज होतो तसं. आणि त्या आवाजाबरोबर आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. तीन आठवडे, असं लिहिलं होतं. तीन आठवडे ताईचा जबडा दुखत होता आणि ते तिनं या छोटीला सांगितलं.

"बाई," छोटी पाठीमागे येऊन उभी होती, श्वास लागल्यासारखी. "रागावणार नसाल तर... मी नर्सबाईंना औषध काढून ठेवायला सांगितलंय. तुमची सही झाली की शिरेतून देऊ."

"तुकडा काढायला कधी घेतायत?" बाईंनी विचारलं. रक्तवाहिनीचा लहानसा तुकडा तपासल्यावरच या दुखण्यावर शिक्का बसतो.

"शस्त्रक्रियावाले उद्या म्हणाले."

"मग उद्या तुकडा, मग औषध. तोवर थांबा."

छोटीनं फाइलमधल्या ओळीवर बोट ठेवलं. "पण बाई, डोळा..."

"एकदा अंधारला म्हणते. पहाटे उठली असेल झटकन, चक्कर आली असेल. अशक्त आहे ती. सहा आठवडे ती माझ्याशी जबड्याबद्दल एक अक्षर बोलली नाही."

"तुम्हीच शिकवलंत, की तुकड्यासाठी डोळा थांबत नाही."

"मी काय शिकवलं ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या, आणि नर्सबाई, जिनं तीस वर्षांत दोघींसारख्या पुष्कळ जणी पाहिल्या होत्या, तिनं इंजेक्शनची बाटली पुन्हा शीतकपाटात ठेवली. त्या दाराचा रबरी आवाज बराच वेळ बाईंच्या कानात राहिला. निघताना त्या सात नंबरवर गेल्या. "सफरचंदं नको असली तर तसं सांगावं माणसानं," त्या ताईला म्हणाल्या आणि पिशवीतलं एक काढून कोटाच्या खिशात घातलं. ताई म्हणाली, "अगं बारके, ने ना. उगीच सुकतायत." तिच्या आवाजात एवढासुद्धा अपराधीपणा नव्हता.

जिना उतरताना सफरचंद मांडीवर आपटत राहिलं. त्या आठ वर्षांच्या होत्या, आई जाऊन वर्ष झालं होतं. ताई सतरा वर्षांची, सकाळी बारकीला पायांत घेऊन बसवायची आणि वेण्या घालायची. हलू नकोस. हलू नकोस म्हणते ना. फणी गुंत्यात अडकली की ताई ओढायची नाही, बोटांनी एकेक केस सोडवायची, जसं नंतर ती कोटाच्या फाटक्या कोपरातला एकेक धागा उचलायची, कापड कुठं फाटलं होतं हे मालकालाही सापडू नये असा. मग एक दिवस शेजारची मुलगी आली. तिची आई आजारी होती. ताईनं तिलाही समोर बसवलं आणि तिचे केस घेतले हातात, त्याच हातांत. दुसऱ्या दिवशी फणी सापडली नाही. सगळ्यांनी शोधली. फणी पाण्याच्या पिंपामागे होती आणि हे फक्त बारकीला ठाऊक होतं. ताईनं त्या मुलीच्या वेण्या नुसत्या बोटांनी घातल्या, बारकी दारात उभी राहून बघत होती, आणि तिला इथं, फासळ्यांच्या खाली, डावीकडे, दुखत होतं. कुणी विचारलं असतं कधीपासून, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, तर तिला नीट सांगता आलं असतं. पन्नास वर्षांत त्या दुखण्याची जागासुद्धा बदलली नव्हती. नवऱ्याच्या बाबतीत हे कधी झालं नाही. तो बिचारा कुणाकडे बघत असेल तर बघू दे, त्याचं त्याला सुख. मुलगा दूर गेला तेव्हाही नाही. हे दुखणं एकट्या ताईचं होतं, आणि या वयात, या हुद्द्यावर, त्याला काय नाव द्यायचं ते बाईंना माहीत होतं आणि त्या देत नव्हत्या. निदान टाळणारे पेशंट असतात तशा.

खोलीत त्या दार लावून बसल्या. एक वाजला होता. डबा उघडावासा वाटेना, म्हणून त्यांनी सफरचंद कोटाच्या बाहीला पुसलं आणि चावलं. कडक होतं. चांगलं कडक, पाच दिवसांनीसुद्धा. त्यांनी निवडून घेतलं होतं, फळवाल्याशी वाद घालून. दात रुतले, साल तुटली, तुकडा तोंडात आला आणि त्या चावू लागल्या. खिडकीबाहेर कुणीतरी खाटांच्या चादरी दोरीवर टाकत होतं. कानापुढे स्नायू फुगत होता, मिटत होता, फुगत होता. बाईंनी नकळत तिथं दोन बोटं ठेवली. एका घासाला किती वेळा? वीस. तीस. केवढं काम करतो हा जबडा, आणि त्याचं कुणाला काही नाही. केळं मात्र नुसतं जिभेनं दाबलं तरी जातं. घास बाईंच्या तोंडात तसाच थांबला.

मऊ. ताई तीन आठवडे मऊ खात होती. गेल्या महिन्यात घरी जेवायला आली होती तेव्हा दोन घास झाले की थांबायची, ताटाकडे बघत बसायची, मग पुन्हा एक. बाईंना वाटलं होतं, हल्ली ताईचं आपल्याकडे लक्ष नसतं. बोलता बोलता त्या थोड्या दुखावल्याही होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला पाहून वाटलं होतं, आळशी होत चालली, केस विंचरायला नकोत. सफरचंदं खिडकीत सुकताना पाहून वाटलं होतं, माझं नको, तिचं हवं. लक्षणं सगळी समोर होती. एकेक त्यांनी पाहिलं होतं, कुणाहीपेक्षा आधी, आणि एकेकावर आपलं स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं. जणू ताईला होणारं प्रत्येक दुखणं हे बारकीविषयीच काहीतरी सांगत होतं. आणि रिपोर्टांच्या त्या सहा आठवड्यांत, त्यांच्या ध्यानात आलं, त्यांनी ताईच्या अंगाला हात लावला नव्हता. यंत्रांनी लावला होता. त्यांनी घास केराच्या डब्यात थुंकला आणि त्या उठल्या. जिन्यावर लोक बाजूला होत होते. मोठ्या बाई धावताना कुणी पाहिल्या नव्हत्या.

"बाटली काढा," वॉर्डात शिरता शिरताच त्या म्हणाल्या. नर्सबाईनं दुखावलेलं तोंड करून सांगितलं, की ती केव्हाच बाहेर काढली आहे, फार गार औषध शिरेत जाऊ नये म्हणून. बाईंनी सही केली, वेळ घातली. सव्वा. त्याच्या वर, छोटीच्या ओळींशेजारी, सव्वाअकरा होतं. मधले दोन तास कागदावर नुसते कोरे दिसत होते. मग त्या ताईच्या खाटेवर टेकल्या, तिच्या डोक्याचा रुमाल सोडला आणि डाव्या कानशिलावर बोटं ठेवली. ताईनं अंग चोरलं. त्वचेखाली दोरीचा तुकडा असावा तशी शीर होती, गाठाळ, आणि तिच्यात ठोका नव्हता. उजवीकडे होता. पुन्हा डावीकडे, नव्हता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे सापडलं असतं.

"दुखतं?"

"तू दाबलंस की."

"ताई, मला का नाही सांगितलंस?"

"काय?"

"जबडा. फणी. हे सगळं. तिला सांगितलंस."

ताईनं विचार केला. खरंच केला, तिच्या कपाळावर, धागा शोधताना पडते, तशी आठी पडली. "तिनं विचारलं, जेवताना काय होतं. मग बसून राहिली गप्प. मला वाटलं, उत्तराला थांबलीय, म्हणून सांगितलं. तू कुठं विचारलंस? तू येतेस ती सांगायलाच येतेस. ताई तू खात नाहीस. ताई तुला झोप नाही. मी म्हटलं, डॉक्टर आहे, बरोबरच सांगत असेल." मग सलाईनच्या नळीतून थेंब पडायला लागल्यावर ती सहज म्हणाली, "मघाशी परत आला होता, डोळ्यापुढचा तो काळा पडदा."

"कधी?"

"तू सफरचंद घेऊन गेलीस ना, त्यानंतर. गेला लगेच."

बाईंनी नळी धरून ठेवली. ती धरायची काही गरज नव्हती. फणी पिंपामागे आहे आणि सगळे शोधतायत, असं त्यांना वाटत राहिलं. फरक एवढाच, की तेव्हा त्या मुलीच्या वेण्या कुणीतरी बोटांनी घातल्या होत्या, डोळ्यांचं असं काही करता येत नाही. ताईचे हे हात सुईत दोरा ओवणारे. चष्मा न लावता, सदुसष्टाव्या वर्षी, डावा डोळा बारीक करून. दुकानवाला अजून फोन करून विचारत होता, की रफूवाल्या बाई बऱ्या कधी होणार, एक लोकरी कोट फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवलाय. छोटी आली आणि पायथ्याशी उभी राहिली. तिनं थेंबांची गती मोजली. बाईंना तेही टोचलं. "तुझं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "मी दोन तास घालवले. तसं लिही फाइलमध्ये."

"लिहायलाच हवं का, बाई?"

"हो. आणि पेन बदल."

तिसऱ्या सकाळपर्यंत ताप आला नाही. पडदाही आला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतलं पाहून सांगितलं, की नस वाचली आहे, काठावर थोडी फिकट आहे, बघू. तुकड्याचा रिपोर्टही आला, सूज होती, शिक्का बसला. ताई उशीला पूर्ण मान टेकवून बसली होती आणि सफरचंद खात होती, फोडी करून, हळूहळू, पण थांबत नव्हती. राउंडला बारा जणांसमोर बाईंनी निदान कुणाचं ते सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. छोटी लाल झाली, कुणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि वॉर्ड आहे हे आठवून थांबलं. सगळं रीतसर झालं. तरी फासळ्यांखाली डावीकडे ते होतंच, औषधाला न जुमानणारं. ताई म्हणाली, "छोटे, तू बारीक होत चाललीस, डबा आणतेस ना?" आणि बाईंना वाटलं, माझं वजन दोन किलो उतरलंय, ते नाही दिसलं हिला. म्हणजे मी काही सुधारले नाही, त्यांनी मनाशी नोंद केली.

दुपारी वॉर्ड निवला तेव्हा त्या एकट्याच आल्या, हातात माहितीचा कोरा कागद. खुर्ची ओढून बसल्या. जुनी तीन पानं त्यांनी आडवी रेघ मारून रद्द केली होती.

"नाव?" त्यांनी विचारलं.

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग रुमाल नीट केला, सावरून बसली आणि पूर्ण नाव सांगितलं, परक्या माणसाला सांगावं तसं, वडिलांच्या नावासकट. वय. काम. झोप कशी लागते? बाईंचं पेन ‘पहिल्यापासून’च्या ‘प’पाशी गेलं आणि त्यांनी ते उचललं. ताई म्हणाली, झोप चांगली लागते गं, मेल्यासारखी. तू लहान असताना तापायचीस म्हणून जागी राहायचे, त्याला किती वर्षं झाली. बाईंनी लिहिलं: झोप उत्तम.

"डोळ्यापुढे अंधारी पहिल्यांदा कधी आली?"

"परवा पहाटे," ताई म्हणाली.

बाई गप्प बसल्या. एक. दोन. शेजारच्या खाटेवर कुणीतरी कूस बदलली. तीन, चार. आपल्याच बहिणीसमोर असं बसणं फार अवघड होतं. ओठांवर शब्द येत होते, परवाच ना, पडली तर नव्हतीस ना, मी सांगते काय झालं असेल ते. पाच. सहा. ताई सफरचंदाच्या सालीची घडी घालत होती. सात.

"तसं म्हटलं तर आधी एकदा झालं होतं," ताई म्हणाली. "गेल्या महिन्यात, तुझ्या सत्काराच्या दिवशी. तू वर उभी होतीस, तो हार घालून. मी उजवा डोळा पुसत होते रुमालानं, आणि डाव्यातून पाहिलं तर तू अर्धीच. वरची अर्धी होतीस, खालची नाही. मला हसूच आलं. म्हटलं गर्दी आहे, कुणीतरी आड आलं असेल."

"डोळा का पुसत होतीस? काही गेलं होतं?"

"जाणार काय," ताई म्हणाली, आणि चिडल्यासारखी खिडकीकडे बघू लागली. "वेडीच आहेस. रडू येत होतं मला."

बाईंनी पेन दोन बोटांत फिरवलं. "हे तू... तिला सांगितलंस?"

"कुणाला? छोटीला? नाही बाई. तिनं विचारलं नाही."

आणि बाईंना एवढा आनंद झाला, इतका लहान, इतका हलका, आठ वर्षांच्या मुलीला शोभेल असा, की त्यांना मान खाली घालावी लागली. त्याची लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही, पण जरा उशिरानं. कागद समोर होता. हे लिहावं लागणार होतं. डोळा पहिल्यांदा कधी अंधारला यावर औषध किती आणि किती दिवस ते ठरतं, आणि संध्याकाळी छोटी फाइल उघडणार, वाचणार, तिच्या समजूतदार चेहऱ्यानं मान हलवणार. पेन क्षणभर कागदावर तसंच टेकून राहिलं, शाईचा एक ठिपका उमटला. मग त्यांनी लिहिलं. तारीख. ठिकाण सभागृह. उजवा डोळा रुमालानं पुसत असताना डाव्या डोळ्यानं फक्त वरचं अर्धं दिसलं, एक-दोन मिनिटं, आपोआप बरं झालं. खाली सही केली, वेळ घातली. डोळा का पुसत होती, तेवढं मात्र लिहिलं नाही.